रविवारचा वर्ग

शकुन डोंगरे कलकत्त्यात जन्मली, कलकत्त्यातच वाढली, आणि पंचेचाळिशी गाठेपर्यंत उभ्या आयुष्यात चार वेळा महाराष्ट्रात जाऊन आली, तीही कुणाकुणाच्या लग्नांना. तरी भवानीपूरच्या त्या गल्लीत पानवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिला 'मराठी दिदिमणी' म्हणूनच ओळखत. आठवडाभर ती मुलींच्या एका बंगाली शाळेत भूगोल शिकवी आणि रविवारी सकाळी दहा वाजता आपल्या भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत मराठी मुलांना मराठी.

वर्ग तिच्या वडिलांचा. दिगंबरपंत डोंगरे सत्तावीस साली नकाशे काढायच्या नोकरीवर इथे आले ते इथेच राहिले. आपल्या दोन मुलांना मराठी यावं म्हणून त्यांनी ओळखीपाळखीची आणखी चार मुलं गोळा केली, आणि वर्ग सुरू झाला. ते गेले तेव्हा आता हे संपलं, असंच सगळ्यांनी धरलं होतं. पण तेराव्यानंतरच्या पहिल्या रविवारी शकुननं चटया अंथरल्या, फळा पुसला आणि दार उघडं ठेवलं. मुलं आली. त्याला आता बारा वर्षं होऊन गेली होती.

लग्नाचं राहून गेलं, एवढंच ती सांगायची. घरात ती आणि तिची भाची लीना. धाकटा भाऊ जयंत आसामात चहाच्या मळ्यावर होता. त्याची बायको प्रेमलता बंगाली. मळ्याच्या आसपास धड शाळा नाही, म्हणून सहाव्या वर्षी लीना आत्याकडे आली होती. मोठी बडबडी पोर. आत्याशी ती मराठीच बोलायची, आणि बंगालीत तो-ती-ते ही भानगडच नसल्यामुळे सगळ्या जगाला एकच लिंग लावून मोकळी व्हायची. "आत्या, तुझा साडी पडला बघ!" "शेजारची काकू आला होता!" शकुन हसायची नाही. "आली होती," एवढंच म्हणायची. "हां, आली होती," म्हणून लीना पुढे सुटायची.

सत्तर सालच्या हिवाळ्यात श्यामराव लोटलीकर एका नव्या बाईंना घेऊन आले. श्यामराव खिदिरपूरला कस्टम्समध्ये होते आणि मराठी मंडळाचे चिटणीस होते. बाईंचं नाव वृंदा खांबेटे. पुण्याच्या, मराठी घेऊन एम.ए. झालेल्या. नवरा रेल्वेत अधिकारी, गार्डन रीचला ऑफिस आणि तिथेच बंगला. "यांना वेळ आहे आणि आवड आहे," श्यामराव म्हणाले, "आणि तुम्हाला मदत हवी आहे."

"चहा खाणार ना?" शकुननं विचारलं.

वृंदाला हसू आवरेना. "खायचा कसा हो शकुनताई? चमच्यानं?"

शकुनही हसली. "आमच्याकडे बंगालीत पाणीसुद्धा खातात," ती म्हणाली. त्या हसण्यात तेव्हा काहीही नव्हतं.

दोघींचं चांगलं जमलं. बरोबरीच्या बाईशी पोटभर मराठी बोलायला मिळावं, हे शकुनच्या आयुष्यात आई गेल्यापासून घडलं नव्हतं. वृंदा दहा वर्षांनी लहान; अकरा वर्षांच्या संसारात तिच्या सहा बदल्या झाल्या होत्या. गार्डन रीचहून यायला तिला दीड तास लागे. खिदिरपूरला जहाजासाठी डॉकचा पूल उघडला की बस तिथेच खोळंबून राही. तरी ती यायची, आणि वर्ग सुटल्यावर जेवायला थांबायची. शकुन मासे खाते हे पाहून आधी तिनं नाक मुरडलं, मग स्वतःच्या पानापुरतं वेगळं वरण करायला शिकवलं. एका रविवारी मटार सोलता सोलता तिनं सांगितलं की तिची दोन मुलं पोटातच गेली, दुसरं तर आठव्या महिन्यात. शकुननं सोललेले दाणे तिच्या ताटलीत ओतले. त्या दिवसापासून ती तिला 'अगं वृंदा' म्हणू लागली.

वृंदाला चूक ऐकवत नसे. मुलं 'फल', 'बाल', 'कालजी' म्हणाली की ती त्यांना जागच्या जागी थांबवून दहा वेळा 'ळ' म्हणायला लावी. शकुनला ते बरंच वाटलं. आपल्याला जे ऐकूही येत नाही ते हिला येतं, असं ती कौतुकानं सांगायची. मग एका रविवारी तिनं फळ्यावर लिहिलं, 'हिवाळ्यात आपल्याला थंडी लागते.' मागून वृंदा उठली, तिच्या हातातला खडू घेतला, 'लागते' खोडलं आणि 'वाजते' लिहिलं.

"थंडी वाजते? घंटेसारखी?" एक पोरगं म्हणालं. सगळी मुलं हसली. शकुनही हसली, पण तिचे कान गरम झाले होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. मुलांसमोर नको गं, एवढंच म्हणायला हवं होतं, आणि वृंदानं ते ऐकलंही असतं. पण ती बोलली नाही. त्याऐवजी शनिवारी संध्याकाळी वडिलांचा जुना शब्दकोश घेऊन बसू लागली. दुसऱ्या दिवशी वर्गात काय बोलायचं ते आधी लिहून काढू लागली. वाक्य तोंडातून सुटण्याआधी ती वृंदाकडे बघायची. आणि वृंदाला वाटायचं, शकुनताई किती मनावर घेतात, किती शिकण्याची हौस आहे त्यांना.

एकाहत्तरच्या गणेशोत्सवात मंडळानं मुलांच्या भाषणांची स्पर्धा ठेवली. लीना तेव्हा बारा वर्षांची होती. तिनं विषय निवडला 'माझे आजोबा'. आजोबांना तिनं पाहिलं नव्हतं. आत्यानं सांगितलेलंच सगळं तिनं आपल्या भाषेत लिहिलं. शकुननं ते तीनदा वाचलं, लाल पेन्सिलीनं चुका काढल्या, लीनाकडून दहा वेळा म्हणवून घेतलं. परीक्षक वृंदा होती. कुणी दुसरं असायचा प्रश्नच नव्हता.

हॉल भरला होता. लीना निळ्या परकरात उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात सुरू झाली. "माझे आजोबा फार शिस्तीचे होते. ते रोज पहाटे उठायचे आणि चार कप चहा खायचे."

मागच्या रांगांत हसू फुटलं. लीनाला वाटलं आजोबांनाच हसतायत, तीही हसली. "त्यांचा काठी अजून आमच्याकडे आहे."

"त्यांची काठी," परीक्षकांच्या टेबलावरून वृंदा म्हणाली. तिच्यापुढे मायक्रोफोन होता, त्यामुळे ते सगळ्या हॉलभर गेलं. "आणि चहा खात नाहीत बाळ, पितात."

आता सगळेच हसले. वाईट हसणं नव्हतं ते. लहान मुलाच्या बोबड्या बोलाला हसावं तसं होतं. लीना थांबली. तिनं पहिल्या रांगेत आत्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "त्यांची... त्यांची काठी. आणि त्यांची चष्मा."

चष्मा तिचा पाठ होता. घरी दहाही वेळा तो तिनं बरोबर म्हटला होता. हॉल पुन्हा हसला. लीना आणखी थोडा वेळ ओठ हलवत उभी राहिली आणि मग पायऱ्या उतरून खाली आली. शेवटी वृंदानं तिला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं, एक कंपासपेटी. लीनानं ती हॉलमधल्या खुर्चीवरच ठेवली.

 घरी येऊन तिनं परकर नीट घडी करून ठेवला. शकुन म्हणाली, "लीना, अगं एवढं काय त्यात. दूध घे."

"खाबो ना, पिशी," लीना म्हणाली. नको. पहिल्यांदाच तिनं तिला आत्या न म्हणता बंगालीत हाक मारली होती. आणि मग, चिडून नाही, रडून नाही, एखादी गोष्ट ठरल्यावर सांगावी तशी म्हणाली, "आमि आर मराठी बोलबो ना." मी आता मराठी बोलणार नाही.

आठवडाभरात येईल ताळ्यावर, असं शकुनला वाटलं. आठवडा गेला, महिना गेला. लीना पूर्वीसारखीच हसायची, शाळेतलं सगळं सांगायची, पण बंगालीत. मराठीत विचारलेलं तिला सगळं कळे. उत्तर बंगालीत येई. रविवारी दहा वाजले की ती मैत्रिणीकडे जायची.

शकुनच्या मनातला राग आतल्या आत पेटत राहिला, आणि त्याच्या तळाशी एक गोष्ट होती जी ती स्वतःशीही उच्चारत नव्हती. भाषण तिनं तीनदा वाचलं होतं. लाल पेन्सिल हातात होती. 'चहा खायचे' तिला चूक म्हणून दिसलंच नव्हतं, कारण ते तिचंच होतं. 'काठी' तिनं दुरुस्त केली होती, ती पोर विसरली. पण ज्या शब्दाला हॉल हसायला लागला, तो लीनानं आत्याकडून घेतला होता.

वृंदा पुढच्या रविवारी नेहमीसारखी आली. "लीना रुसली वाटतं?" म्हणाली. शकुननं तिला बस म्हटलं नाही, आणि मुलांना शुद्धलेखन घालून स्वयंपाकघरात गेली. दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या आठवड्यात तिनं वृंदाला पत्र लिहिलं. त्यात 'अगं' नव्हतं, 'तुम्ही' होतं. चार ओळी मुद्द्याच्या होत्या. पाचवी अशी: 'तुम्ही सहा गावं फिरलात आणि एकाही गावाच्या झाला नाहीत, आणि तुमच्या घरात मूल नाही, म्हणून दुसऱ्याच्या मुलाला भर सभेत काय लागतं ते तुम्हाला कळायचं नाही.'

सकाळी शाळेला जाताना तिनं ते पेटीत टाकलं. तिसऱ्या तासाला, फळ्यावर ब्रह्मपुत्रेचं वळण काढताना, तिचा हात थांबला. मधल्या सुट्टीत ती पेटीपाशी धावत गेली. डाक निघून गेली होती.

उत्तर आलं नाही. वृंदाही आली नाही. आले ते श्यामराव. पत्राबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं, वृंदानं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की दोन चांगल्या बाया बोलेनाशा झाल्यात. श्यामराव मनानं सरळ माणूस. जहाजावरच्या मालाचे वाद रोज मिटवायची सवय. त्यांनी तोडगा काढला. लहान मुलं शकुनताईंकडे, घरी. मोठी मुलं वृंदावहिनींकडे, मंडळाच्या हॉलवर. "म्हणजे कुणाचंच कमी होत नाही," ते म्हणाले.

"माझा वर्ग दहाला असतो," शकुन म्हणाली. "वडिलांच्या वेळेपासून."

श्यामराव गार्डन रीचला गेले. तिथे वृंदा म्हणाली, "मला बस दहालाच पोचवते. दुसरी वेळ जमायची नाही."

मग दोन्ही वर्ग दहाला भरू लागले. ज्यांच्या घरात एक लहान आणि एक मोठं मूल, त्या आईबापांनी महिनाभर धावपळ केली. मुलं इकडचं तिकडे सांगू लागली. हॉलवरच्या बाई म्हणतात, आधीच्या बाईंनी चुकीचं शिकवलं. घरच्या बाई म्हणतात, ज्याला त्यांचं पटतं त्यानं तिकडेच जावं. दोघींनीही असं खरंच म्हटलं होतं. डिसेंबरात युद्ध आलं, खिडक्यांना काळे कागद लागले आणि वर्ग तीन आठवडे बंद राहिले. उघडल्यावर शकुनकडे सहा मुलं आली आणि हॉलवर पाच. एका कर्नलच्या बायकोनं रस्त्यात भेटल्यावर मोकळेपणानं सांगितलं, "अहो, आम्ही इथे तीन वर्षांचे पाहुणे. त्यापेक्षा रविवारी गणिताची शिकवणी लावली. निदान भांडण तरी नाही."

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात शकुनकडचं शेवटचं मूल, बँकेतल्या शरच्चंद्र कर्वेंची मुलगी, मुंबईला गेलं. पुढचे दोन रविवार शकुननं चटया घातल्या. तिसऱ्या रविवारी घातल्या नाहीत.

आणि चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत, एका शनिवारी दुपारी, दार वाजलं. वृंदा उभी होती. केसांत पांढरं दिसत होतं, हातात काहीही नव्हतं.

"यांची बदली झाली," ती दारातूनच म्हणाली. "बिलासपूरला. मंगळवारी निघतोय. न भेटता जाणार होते. जमेना."

"आत ये," शकुन म्हणाली.

दोघी समोरासमोर बसल्या.  मग वृंदा म्हणाली, "तुमचं पत्र मी यांनाही दाखवलं नाही."

"जाळून टाक ते."

"टाकलं. पण त्याआधी सहा महिने रोज वाचत होते. खरं होतं ना, म्हणून लागलं."

"खरं नव्हतं," शकुन म्हणाली. "लागावं म्हणून लिहिलं होतं. तू विश्वासानं सांगितलंस आणि मी तेच काढून मारलं. टाकलं आणि तीन तासांत परत घ्यायला धावले. पण तुझ्याकडे यायचं तेवढं झालं नाही माझ्याच्यानं. गार्डन रीच काय लांब आहे का?"

वृंदानं पदरानं तोंड पुसलं. "मी तरी कुठे आले? आणि पोरीला मायक्रोफोनवरून... शकुनताई, खरं सांगू? दर गावात मी नवी. कुणाला माझं काही अडत नाही. चूक दाखवली की निदान लोक माझ्याकडे वळून बघतात. त्या दिवशी हॉल हसला तेव्हा मला बरं वाटलं होतं. घरी जाताना कळलं काय केलं ते."

"ती चूक तिची नव्हतीच," शकुन म्हणाली. अडीच वर्षांत पहिल्यांदा ते तिच्या तोंडून बाहेर पडलं. "माझी होती. तीनदा वाचलं होतं मी. मला दिसलीच नाही. तुझ्यावर एवढी चिडले ती त्यापायी."

वृंदानं उठून तिचे दोन्ही हात धरले. दोघी रडल्या, आणि रडून झाल्यावर दोघींनाही भूक लागली. शकुननं पोहे केले. खाताना मुलांची नावं निघाली. कोण कुठे असेल, कोण बोलत असेल. एकेक नाव घेत त्या शेवटपर्यंत गेल्या. कर्नलचा मुलगा जबलपूरला, इंग्रजी शाळेत. श्यामरावांचा धाकटा इथेच, पण त्याला आता मराठी बोलायची लाज वाटते. हॉलवरचा वर्ग दिवाळीतच बंद पडला होता.

"तुम्ही पुन्हा सुरू करा," वृंदा म्हणाली.

"कुणासाठी?"



साडेचारला लीना बाहेरून आली. पंधरावं लागलेलं, दोन वेण्या, आत्याहून उंच. तिनं वाकून वृंदाच्या पायांना हात लावला. "भालो आछेन, माशी?" बऱ्या आहात ना, मावशी?

वृंदानं तिला जवळ बसवलं. "लीना, माझं चुकलं गं. त्या भाषणाच्या वेळी. तेव्हाच येऊन सांगायला हवं होतं. मला क्षमा कर."

लीनानं सगळं नीट ऐकलं. मग ती गोड हसली. "ना ना, माशी. आमार तो मोनेओ नेई." मला तर आठवतही नाही.

शकुन तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. पोर मोठेपणानं बोलतेय का, आत कुठे राग आहे का, हे शोधत होती. राग असता तर काहीतरी करता आलं असतं. समजूत काढता आली असती, वाट पाहता आली असती. पण लीना खरंच सांगत होती. तिच्याकडे क्षमा करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिनं दोन घास पोहे खाल्ले आणि मैत्रीण खाली थांबलीय म्हणून निघून गेली.

शकुन वृंदाला बसपर्यंत पोचवायला गेली. "पत्र लिहीन," वृंदा म्हणाली. "लिही," शकुन म्हणाली. बस आली, वृंदा चढली, खिडकीतून हात हलवत राहिली. भांडण मिटलं होतं. मनावरचं एक ओझं खरंच उतरलं होतं, आणि ते उतरलंय हे सांगायला घरात कुणी नव्हतं. शनिवारची बाजाराची गर्दी सुरू झाली होती. शकुननं भाजी घेतली आणि घरी आली.

बिलासपूरहून वर्षभर पत्रं आली, मग दिवाळीला आणि संक्रांतीला, मग नुसती संक्रांतीला. शहात्तरमध्ये लीना शाळा संपवून आईवडिलांच्या जवळ, गुवाहाटीच्या कॉलेजात गेली. जाताना आत्याच्या गळ्यात पडून खूप रडली.

महिन्याभरानं तिचं पत्र आलं. आठ पानांचं, बंगालीत. वसतिगृहातलं जेवण, नदी, खोलीतली घोरणारी मुलगी, प्राध्यापकांच्या नकला, आणि मधूनमधून 'पिशी, तू असतीस तर'. लहानपणची बडबड सगळी होती. शकुननं ते दोनदा वाचलं आणि संध्याकाळी उत्तर लिहायला बसली.

'चि. लीना हिस अनेक आशीर्वाद,' तिनं मराठीत सुरुवात केली. 'तुझं पत्र मिळालं. वाचून फार आनंद झाला.' पुढचं वाक्य तिनं मनात तीन वेळा फिरवलं. गच्चीवर आता गार हवा सुटते, की सुटतो, की वाहते. हवा सुटते. बरोबर होतं ते, तिला माहीत होतं. तरी ती शब्दकोशासाठी उठली, आणि अर्ध्या वाटेवरून परत आली. पोर हे वाचेल, आत्याचं आहे म्हणून वाचेल, जपूनही ठेवेल. पण उत्तर द्यायला बसेल तेव्हा याच्यातल्या कशाला धरून ती बोलेल?

तिनं तो कागद बाजूला सारला. नवा घेतला आणि वर बंगालीत लिहिलं, 'कल्याणीयासु लीना'. मग गच्चीवरच्या गार हवेचं लिहिलं, शेजारच्या काकूंच्या नव्या सुनेचं लिहिलं, शाळेतल्या नव्या मुख्याध्यापिकेबद्दल दोन खोडकर वाक्यं लिहिली. हात थांबला तेव्हा चार पानं भरली होती. तिनं ती वाचून पाहिली नाहीत. वाचायची गरज नव्हती. चार पानांत एकाही शब्दापाशी ती अडखळली नव्हती.